टेम्परेचर ब्लँकेट: जानेवारी आणि ऑगस्ट एकाच रंगाचे का होतात?

तक्रार दरवर्षी तीच असते आणि बहुतेक दिवाळीच्या आसपास कानावर येते. रोज एक ओळ, त्या दिवसाच्या कमाल तापमानाचा रंग, असं क्रोशाचं ब्लँकेट १ जानेवारीला हौसेनं सुरू होतं. मार्चपासून रंग चढायला लागतात, मेमध्ये लालभडक होतं, सगळे कौतुक करतात. मग पाऊस लागतो आणि तिथून पुढे हिरवं, हिरवं, पुन्हा हिरवं. दसरा येतो, दिवाळी येते, रंग काही हलत नाही. पसरून बघावं तर जानेवारीची सुरुवातही त्याच हिरव्याची. मधे एक लाल पट्टा आणि दोन्ही बाजूंना हिरवं मैदान.

आमच्या शेजारच्या काकूंनी असंच एक ब्लँकेट बघून विणणारीला विचारलं होतं, "काहून वं, जानेवारीत अन् ऑगस्टात सारखंच ऊन होतं का?" प्रश्न गमतीचा वाटतो, पण उत्तर 'हो' आहे, निदान कमाल तापमानापुरतं तरी.

नागपूरचे आकडेच बघा. जानेवारीत दुपारचं कमाल तापमान सरासरी २८-२९ अंशांच्या आसपास. ऑगस्टमध्ये ढगांमुळे ते ३०-३१ वर अडकलेलं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ३२-३३, नोव्हेंबरमध्ये पुन्हा ३०-३१, डिसेंबरमध्ये २८-२९. म्हणजे जुलै ते डिसेंबर हे सहा महिने आणि वर जानेवारी, एवढा सगळा काळ साधारण पाच-सहा अंशांच्या आत उरकतो. उरलेला सगळा चढउतार फेब्रुवारी ते जूनमध्ये: ३१-३२ पासून मेच्या सरासरी ४२-४३ पर्यंत आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरीच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, त्याहून वर.

आता बहुतेक जणी कुठली रंगपट्टी वापरतात? व्हिडिओत दिसलेली, थंड देशातली. उणे पंधरापासून सुरू, पाच-पाच अंशांची एक पायरी, वर पस्तीसला संपलेली. त्या पट्टीतले निम्मे रंग इथे गोळ्यातून सुटतच नाहीत. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरलं होतं, तेव्हा अख्खं शहर शेकोटीला बसलं होतं, पण तेही किमान तापमान, आणि तेही शून्याच्या वरच. आणि २३ मे २०१३ ला कमाल ४७.९ होतं, ते त्या पट्टीत बसतच नाही. म्हणून "माझ्या विणकामात काही चुकतंय का" हा प्रश्नच सोडा. हात निर्दोष आहे. दोष पायऱ्यांचा आहे.

अजून सुरू केलं नसेल तर

पायऱ्या अंशांवर पाडू नका, दिवसांवर पाडा. गेल्या वर्षाचे रोजचे कमाल आकडे एका वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरवून घ्या आणि मोजा: २९ ते ३१ च्या मधले किती दिवस, ४३ च्या वरचे किती. एखाद्या रंगात ऐंशी-नव्वद दिवस पडत असतील तर त्याचे दोन रंग करा. एखाद्यात दोन-तीनच दिवस येत असतील तर तो शेजारच्यात मिसळा. सगळ्यात वरचा रंग मात्र याला अपवाद. तो दोनच दिवस आला तरी ठेवायचा, कारण ब्लँकेट बघायला येणारा पहिल्यांदा बोट तिथेच ठेवतो.

नागपूरसाठी मी सुचवते ती पट्टी अशी:

२५ च्या खाली: गडद निळा
२५.० ते २६.९: आकाशी
२७.० ते २८.९: मोरपंखी
२९.० ते ३०.९: गडद हिरवा
३१.० ते ३२.९: पोपटी
३३.० ते ३४.९: लिंबू पिवळा
३५.० ते ३७.९: हळदी
३८.० ते ४०.९: नारिंगी
४१.० ते ४२.९: शेंदरी
४३.० ते ४४.९: लाल
४५.० ते ४६.९: डाळिंबी
४७ आणि वर: जांभळा

४५ आणि ४७ हे टप्पे मी मनानं काढलेले नाहीत. मैदानी भागात कमाल तापमान ४५ ला पोचलं की हवामान खातं उष्णतेची लाट धरतं आणि ४७ ला तीव्र लाट. खालच्या टोकाला पायऱ्या लहान ठेवल्यात, कारण आपलं अर्धं वर्ष तिथेच जातं. सलग पाऊस लागला की जुलै-ऑगस्टमध्येही दिवस २५-२६ च्या पुढे जात नाही, तेव्हा हिरव्यात मधेच निळी रेघ उठते आणि झड कधी लागली होती ते ब्लँकेटमध्ये दिसतं. मला विचाराल तर नागपूरच्या ब्लँकेटमधली सगळ्यात देखणी जागा तीच, मेचा लाल पट्टा नव्हे.

रंग निवडताना एक सांभाळा. शेंदरी आणि लाल, गडद निळा आणि जांभळा या जोड्या रात्री एलईडी दिव्याखाली हमखास गोंधळ घालतात. प्रत्येक गोळ्याला अंशांची चिठ्ठी दोऱ्यानं बांधून ठेवा. डोळ्यांवर विसंबू नका.

अर्धं वर्ष विणून झालं असेल तर

उसवू नका. अॅक्रिलिक लोकर उसवून पुन्हा विणली की तिला तूस येतं आणि ती ओळ शेजारच्या ओळींत वेगळी पडते. शिवाय दोनशे ओळी उसवायला बसलेली बाई ते ब्लँकेट पुन्हा हातात घेत नाही, हे मी बरेचदा बघितलं आहे.

त्यापेक्षा किमान तापमानाचा एक वेगळा पट्टा विणा. कमाल तापमानानं जे महिने एकसारखे केले, ते किमान तापमान वेगळे करतं. ऑगस्टमध्ये पहाटेचं तापमान २३-२४ असतं, कारण ढग रात्रीची उष्णता निसटू देत नाहीत. जानेवारीत आकाश मोकळं, हवा कोरडी, जमिनीची उष्णता रात्रभर निघून जाते आणि पहाटेचा पारा १२-१३ वर, एखाद्या थंडीच्या लाटेत आठच्याही खाली येतो. दुपार सारखी असली तरी पहाट अगदी वेगळी.

करायचं असं: मूळ ब्लँकेटची सुई, लोकरीची तीच जाडी, तोच टाका. रुंदी फक्त वीस टाके. रोजची एक ओळ, किमान तापमानाच्या रंगात. टाका आणि सुई तीच असल्यामुळे ओळीची उंची जुळते. जानेवारीची ओळ जानेवारीच्या ओळीशेजारी येते आणि पट्टा बाजूला सरळ शिवता येतो. वीस टाक्यांच्या दहा-बारा ओळी टीव्ही बघताना होऊन जातात, म्हणून मागे राहिलेले सहा महिने गाठणं अवघड नाही. याला रंग पाच-सहाच पुरेत: १० च्या खाली पांढरा, मग चार-चार अंशांनी फिकट राखाडी, गडद राखाडी, जांभूळकट, वांगी, आणि २६ च्या वर काळा. तेच मूळ गोळे वापरले तर हिरव्याचे दोन अर्थ होतात आणि बघणारा गोंधळतो. पांढरा-काळा संच वेगळा ठेवा.

ज्यांना एवढंही नको आहे त्यांच्यासाठी सोपा उपाय: पावसाचे दिवस दाखवा. हवामान खातं २४ तासांत २.५ मिलीमीटर किंवा त्याहून जास्त पडला तर त्या दिवसाला पावसाचा दिवस म्हणतं. तेवढ्या दिवसांच्या ओळींवर, विणून झाल्यावर, वरून चंदेरी दोऱ्याची साखळी घाला. मूळ विणीला हात लागत नाही आणि जून ते सप्टेंबर चमकायला लागतो. जानेवारीचा हिरवा आणि ऑगस्टचा हिरवा मग कुणी एक समजणार नाही.

तिसरा मार्गही आहे. रोजचं तापमान त्या तारखेच्या अनेक वर्षांच्या सरासरीपेक्षा किती वर किंवा खाली, एवढंच विणायचं. हवामान खात्याच्या रोजच्या तक्त्यात हा फरक दिलेला असतो. इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठाचे एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये ज्या निळ्या-लाल तापमानपट्ट्या लोकप्रिय केल्या त्या याच तत्त्वावर आहेत: आकडा नाही, सरासरीच्या तुलनेत थंड की गरम एवढंच. असं ब्लँकेट कुठल्याही महिन्यात एकसुरी होत नाही. पण त्यात आपला उन्हाळाच दिसत नाही. सरासरीइतका तापलेला मे आणि सरासरीइतका गार जानेवारी एकाच रंगात येतात. नागपुरात राहून मे महिना दिसणार नाही असं ब्लँकेट विणायचं, हे माझ्या जिवावर येतं. ज्यांना चालेल त्यांनी करावं.

पट्टी बरोबर असूनही रंग उड्या मारत असतील तर

आकडा कुठून घेता ते तपासा. मोबाइलवर दिसतो तो आकडा बहुतेक वेळा संगणकानं काढलेला अंदाज असतो, वेधशाळेनं मोजलेला नव्हे. शिवाय तो पूर्णांकात असतो. वेधशाळेचा ३०.९ मोबाइलवर ३१ होतो आणि आपल्या पट्टीत गडद हिरव्याचा पोपटी. कित्येक जणी संध्याकाळी मोबाइल उघडून त्या क्षणीचं तापमानच कमाल समजून विणतात. 'जाणवतं' म्हणून दिलेला आकडा तर पूर्ण वेगळा, त्यात आर्द्रता मिसळलेली असते. मेमध्ये ठीक, पण जुलैत तो तुम्हाला उगाच चाळिशीत नेऊन ठेवेल.

सोनेगावला विमानतळाजवळ वेधशाळा आहे. तिचाच कमाल-किमान आकडा वर्षभर धरा. तो दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात येतो, हवामान खात्याच्या संकेतस्थळावर मिळतो. तुमच्या गच्चीवर त्याहून जास्त तापत असेल, नक्कीच तापत असेल, पण वर्षाच्या मधे आकड्याचं ठिकाण बदललं की आधीच्या आणि नंतरच्या ओळींची तुलनाच राहत नाही.

आणि एखादा आकडा अंगावर आला तर एक दिवस थांबा. ३० मे २०२४ ला नागपुरात एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली आणि दिवसभर त्याच्या बातम्या फिरल्या. नंतर हवामान खात्यानं सांगितलं की तिथला सेन्सर बिघडला होता. त्या रात्री घाईनं विणलेली ओळ नंतर उसवत बसावी लागली असती. म्हणूनच मी रोज विणण्यापेक्षा रोज फक्त वहीत आकडा लिहावा आणि आठवड्याच्या सात ओळी रविवारी विणाव्यात या मताची आहे.

मे महिन्यात रुंदी कमी होत असेल तर

ही दुसरी जुनी तक्रार. हिचा पट्टीशी संबंध नाही, उन्हाळ्याशी मात्र आहे. ब्लँकेट डमरूसारखं होतं, मधे कंबर आवळलेली, आणि ती कंबर नेमकी लाल रंगाच्या जागी.

आधी टाके मोजा. मोजणी कमी भरली तर दोष ओळीच्या टोकाला आहे. मुक्या खांबाच्या (बुटका टाका, सिंगल क्रोशे) विणीत वळताना एक साखळी घालतो आणि पहिला टाका त्याच साखळीच्या बुडाशी, म्हणजे ओळीच्या अगदी पहिल्या टाक्यात घालायचा असतो. नवा रंग जोडलेला असला की तो टाका गाठीमागे दडतो, आपण दुसऱ्यात सुई घालतो, आणि प्रत्येक ओळीत एक टाका जातो. उभ्या खांबाची (उंच टाका, डबल क्रोशे) वीण असेल तर वळताना तीन साखळ्या घालतो, त्या पहिल्या खांबाच्या जागी धरल्या जातात. मग पुढच्या ओळीच्या शेवटी त्या तीन साखळ्यांच्या डोक्यात खांब घालायलाच हवा. तोच राहतो. उपाय साधा आहे: प्रत्येक ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्याला वेगळ्या रंगाचा दोरा किंवा छोटी सेफ्टी पिन अडकवा आणि ओळीबरोबर ती वर सरकवत न्या. सवय झाली तरी काढू नका.

रंग बदलण्याची जागाही इथेच येते. जुन्या रंगाच्या शेवटच्या टाक्याचा शेवटचा ओढा नव्या रंगानं घ्यायचा. सुईवर जुन्या रंगाचे दोन फास उभे आहेत, तेव्हा नवी लोकर सुईवर घेऊन दोन्हीतून एकदम बाहेर काढा. जुना रंग तिथेच संपतो, वळणाची साखळी नव्या रंगाची होते आणि कड स्वच्छ राहते. टाका पूर्ण करून मग गाठ मारली की कडेला बोंडं येतात आणि टाका मोजताना चुकतो तो तिथेच.

टाके बरोबर असूनही रुंदी कमी भरत असेल तर ओढ बदललेली आहे. मेमध्ये कूलरसमोर बसलं तरी बोटं घामेजतात, अॅक्रिलिक त्यांच्यातून अडखळत सरकतं आणि आपण नकळत ओढून धरतो. दर महिन्याच्या १ तारखेला टेपनं रुंदी मोजून वहीत लिहा. दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर सुई अर्ध्या नंबरानं वाढवा, ४ मिलीमीटरच्या जागी साडेचार, आणि पावसाळा स्थिरावला की परत खाली या. सकाळी लवकर, हात धुऊन पुसून विणलं तर बहुतेक वेळा सुई बदलायची गरजही पडत नाही. आधीच कंबर झाली असेल तर कडेनं मुक्या खांबाची किनार घालताना त्या भागात दर आठ-दहा टाक्यांमागे एक टाका जास्त घाला. बरंच झाकलं जातं.

आणि इस्त्री फिरवून ताणायला जाऊ नका. अॅक्रिलिकला थेट गरम इस्त्री लागली की ते कायमचं लुळं पडतं, उभारी परत येत नाही.

लांबी हाताबाहेर जात असेल तर

उभ्या खांबाची एक ओळ सव्वा सेंटीमीटरच्या आसपास भरते. तिला ३६५ नं गुणा, साडेचार मीटर. ते ब्लँकेट नाही, सतरंजी झाली. मुक्या खांबाची ओळ साधारण अर्ध्या सेंटीमीटरची, वर्षाचे सव्वाअठराशे मिलीमीटर, म्हणजे माणसाच्या उंचीएवढं. मुका खांबच धरा.

मधेच रंग संपत असेल तर

दहा ओळी विणायच्या आधी आणि नंतर गोळा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. दहा ओळींना २५ ग्रॅम लागले तर एका ओळीला अडीच. वहीतल्या मोजणीप्रमाणे पोपटीचे साठ दिवस येणार असतील तर दीडशे ग्रॅम, म्हणजे शंभराचे दोन गोळे, एकाच वेळी, एकाच लॉटचे, म्हणजे एकत्र रंगवलेले. लॉट नंबर लेबलवर छापलेला असतो आणि तो वेगळा आला की तोच शेड नंबर असूनही रंगात फरक दिसतो. नागपूरच्या बाजारात, इतवारी काय, महाल काय, दुकानात लोकर पुढच्या फळीवर असते ती थंडीत. एप्रिलमध्ये शेंदरी मागायला गेलात तर दुकानदार कूलरच्या वाळ्याकडे बोट दाखवेल. जे रंग उन्हाळ्यात लागणार तेच थंडीत आधी विकत घेऊन ठेवायचे. २०२८ मध्ये विणणार असाल तर २९ फेब्रुवारीची एक ओळ जास्त धरा.

शेपट्यांचं काय, हा प्रश्न शेवटी येतोच. रंग रोज बदलला तर सातशेच्या वर टोकं लोंबतात. वर्षअखेरीला ती खोवायला बसू नका. सहा इंचांची शेपटी सोडा, पुढच्या ओळीचे पहिले दहा-बारा टाके तिच्यावरूनच विणा, मग तिला उलटं वळवून पाच-सहा टाके परत सुईनं खोवा. अॅक्रिलिक गुळगुळीत असतं, एकाच दिशेनं खोवलेलं टोक दोन धुण्यांत बाहेर येतं.